मदत हवी आहे: रिॲक्टमधली साड्यांची साइट गुगलला दिसेना

शहापूरकर: बेळगावातल्या साड्यांच्या दुकानाची साइट रिॲक्टमध्ये (जावास्क्रिप्टनं पानं बनवणारी लायब्ररी) केलीय. दीडशे साड्या आहेत, पण गुगलवर फक्त पहिलं पान येतंय. साइटमॅप (सगळ्या पानांच्या पत्त्यांची यादी) दिलाय. गणपतीच्या आधी व्हायला पाहिजे, लवकर सांगा.

निपाणी_नेट: एका साडीची लिंक कशी दिसते ते तरी लिहा की. मधे हॅश (#) आहे का? रॉबोट्स फाइलमध्ये (गुगलनं काय उघडू नये ते सांगणारी फाइल) काय बंद केलंय?

खानापूर_कोडर: ते बघत बसू नका. नेक्स्टवर (रिॲक्टची पानं सर्व्हरवर बनवणारं फ्रेमवर्क) न्या, सर्व्हरवरनंच तयार एचटीएमएल जाऊ दे.

निपाणी_नेट: रोग कळायच्या आधी ऑपरेशन कशाला? गुगलबॉट (पानं वाचत फिरणारा गुगलचा प्रोग्रॅम) २०१९ पासून ताजं क्रोमियम (क्रोम ब्राउझरचा गाभा) वापरतो, जावास्क्रिप्ट चालवतो. अडतंय दुसरीकडं कुठंतरी.

टिळकवाडी_४४: गुगलवर दुकानाचं बिझनेस प्रोफाइल काढा. फोटो, वेळा टाका, नकाशावर दिसेल.

शहापूरकर: नकाशावर दुकान आहेच ओ, साड्यांची पानं येत नाहीत. लिंक `/#/साडी/२७` अशी आहे, साइटमॅपमध्येही तीच. सर्व्हरवर लोड नको म्हणून रॉबोट्समध्ये एपीआय (साड्यांची माहिती जिथनं येते तो पत्ता) बंद ठेवलाय.

निपाणी_नेट: मग दोन्ही कारणं सापडली. हॅशच्या पुढचं सर्व्हरकडं जातच नाही, त्यामुळं गुगल दीडशे साड्यांचं एकच पान धरतं. हॅशराउटर काढून ब्राउझरराउटर (हॅशशिवाय साधे पत्ते देणारा) लावा. सर्व्हरला सांगा, फाइल सापडली नाही तर इंडेक्सचं (मूळ) पान दे. नाहीतर साडीचं पान रिफ्रेश केलं की ४०४ (पान सापडलं नाही) येईल. पण मग नसलेल्या साडीलाही २०० (पान ठीक आहे) जाणार, म्हणून तिथं जावास्क्रिप्टनं नोइंडेक्स (हे पान शोधात घेऊ नका असा टॅग) घाला. उलटं मात्र करू नका: मूळ एचटीएमएलमध्येच नोइंडेक्स असेल तर गुगल रेंडरिंगच (स्क्रिप्ट चालवून पान बनवणंच) टाळू शकतं, मग तो स्क्रिप्टनं काढून उपयोग नाही.
एपीआय आजच उघडा. तो बंद असला की बॉटला नुसता सांगाडा दिसतो, नाव नाही, किंमत नाही.

खानापूर_कोडर: आणि व्हॉट्सॲपचं काय? गिऱ्हाईक लिंक तिथंच पाठवणार. प्रिव्ह्यू काढताना जावास्क्रिप्ट चालत नाही, फोटो आणि नावाचे ओजी टॅग (प्रिव्ह्यूला माहिती देणारे) मूळ एचटीएमएलमध्येच लागतात. दीडशेच पानं आहेत, बिल्डच्या वेळी (साइट चढवण्याआधीच) बनवून ठेवा.

निपाणी_नेट: हे पटलं. पण हॅश काढल्याशिवाय त्याचाही उपयोग नाही. जुन्या हॅशवाल्या लिंका सर्व्हरवरनं वळवता येत नाहीत, पहिल्या पानावर स्क्रिप्ट लिहून नव्या पत्त्यावर पाठवा.

कॅम्प_वाचक: कन्नड पानं पण करायची असली तर?

खानापूर_कोडर: `/मराठी/` आणि `/कन्नड/` असे वेगळे पत्ते ठेवा, एचरेफलँग (कुठलं पान कुठल्या भाषेत ते सांगणारा टॅग) दोन्हीकडनं एकमेकांना द्या. एकाच पत्त्यावर बटणानं भाषा बदलली तर बॉट बटण दाबत नाही.

शहापूरकर: एपीआय उघडला. सर्च कन्सोलच्या (साइट गुगलला कशी दिसते ते दाखवणारं गुगलचं साधन) लाइव्ह टेस्टमध्ये पहिल्या पानावर साड्यांची नावं आली! राउटर आज रात्री बदलतो. साड्यांची कार्डं डिव्हची (लिंक नसलेल्या चौकटी) आहेत, ऑनक्लिकवर (क्लिक केल्यावर स्क्रिप्टनं) उघडतात, चालेल ना?

निपाणी_नेट: नाही चालणार. बॉट क्लिक करत नाही, स्क्रोलही करत नाही. प्रत्येक कार्डाला एचरेफवाला (पत्ता असलेला) अँकर टॅग, म्हणजे खरी लिंक, द्या. खाली 'आणखी दाखवा' बटण असेल तर तिथंही `?पान=२` अशी खरी लिंक पाहिजे. मगच नवा साइटमॅप द्या.