बबल येतायत कुठून ते आधी बघा

डिफोमर (फेस मोडणारं रसायन) दुप्पट केला तरी कोटिंगमधले बबल जात नाहीत म्हणताय, पण अहो, डिफोमर जास्त झाला की वेगळीच कटकट, फिश आय, म्हणजे कोटिंगमध्ये गोल खड्डे, पडायला लागतात. माझ्या मते आधी लाइनचा स्पीड निम्मा करून बघा. बबल एकदम गायब झाले तर हवा कोटिंग हेडपाशीच (लिक्विड लावलं जातं तिथे) शिरतेय, आणि तसेच राहिले तर ती मटेरियलमध्ये आधीपासूनच आहे.

पहिल्या केसमध्ये काय होतं, वेब (ज्यावर कोटिंग लावतो तो कागदाचा किंवा फिल्मचा पट्टा) जोरात पळताना स्वतःबरोबर हवेचा पातळ थर ओढत आणते, लिक्विड जिथे वेबला टेकतं तिथला अँगल 180 अंशांच्या जवळ जातो आणि ती टेकण्याची सरळ रेष करवतीसारखी दातेरी होते, मग त्या दातांच्या टोकातून बारीक बारीक बबल सुटतात. इथे डिफोमर काही करू शकत नाही. स्पीड उतरवा नाहीतर व्हिस्कॉसिटी (मटेरियलचा घट्टपणा) उतरवा.

दुसऱ्या केसमध्ये रिटर्न पाइप (उरलेलं मटेरियल टाकीत परत आणणारा) बघा. आमच्याकडे तो टाकीत वीतभर वरून पडत होता, धबधबाच म्हणा ना, आणि आम्ही आठवडाभर पंपाला शिव्या घालत होतो! पाइपचं तोंड लेव्हलच्या खाली नेलं आणि निम्मा त्रास संपला.

आणि रात्रभर ठेवलं की हवा आपोआप निघते यावर फार विसंबू नका. 1000 सेंटिपॉइज व्हिस्कॉसिटीच्या मटेरियलमध्ये 0.1 मिलिमीटरचा बबल तासाला जेमतेम 2 सेंटिमीटर वर चढतो, टाकी किती खोल आहे तुमची?