फ्लोमला जहाज थांबतं तेव्हा: रेल्वे की स्टेगास्टाइन?

प्रश्न — मुक्कामपोस्ट
जूनमध्ये आई-बाबांसोबत नॉर्वेची फियॉर्ड (डोंगरांत शिरलेली समुद्राची अरुंद खाडी) क्रूझ आहे. फ्लोमला जहाज सकाळी 8 ला लागतं, 4.30 पर्यंत परत चढायचंय. जहाजाच्या यादीत फ्लोम रेल्वे आणि स्टेगास्टाइन या उंचावरच्या सज्जाची बस अशा दोन वेगळ्या सहली आहेत. दोन्ही बसतील का? एकच जमली तर कोणती? बाबांच्या गुडघ्यांना चढउतार झेपत नाही. ट्रेनमध्ये कुठल्या बाजूला बसावं?

घाटमाथा
दोन्ही बसतात. रेल्वेचं जाऊन-येऊन साधारण दोन तास, स्टेगास्टाइनचे दीड. मधे तासभर मोकळा ठेवा, म्हणजे जेवणही होईल.

एकच करायची तर हवा स्वच्छ असताना स्टेगास्टाइन. रेल्वेचं नाव मोठं, त्यामुळे सगळे डोळे झाकून तीच घेतात, पण ती फियॉर्डकडे पाठ करून दरीत वर चढत जाते. 20 किलोमीटरच्या मार्गात 20 बोगदे, मिळून जवळजवळ 6 किलोमीटर अंधार. धबधबे, कडे, हिरवी दरी सुंदरच आहे, पण फियॉर्ड पाहायचा असेल तर तो स्टेगास्टाइनवरून. आउरलान्सफियॉर्डच्या 650 मीटर वर, कड्याबाहेर 30 मीटर गेलेला लाकडी सज्जा, टोकाला फक्त काच. बस जवळच थांबते, त्यामुळे बाबांना चालणं फार नाही. रस्ता मात्र अरुंद, वळणावळणाचा. बस लागत असेल तर गोळी निघण्याआधी घ्यायची, वर पोचल्यावर नाही.

रूळकरी
पाठ करून जाते हे मान्य, पण रेल्वेला इतकं हलक्यात काढू नका. फ्लोम समुद्रसपाटीपासून 2 मीटरवर, रेल्वेचं वरचं टोक मिरदाल 866 वर. चढ जवळपास 80 टक्के मार्गावर 18 ला 1, म्हणजे 18 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. आपल्या खंडाळ्याच्या घाटात 37 ला 1 आहे. माथेरानची गाडी 20 ला 1 चढते, पण ती अरुंद गेजची. ही नेहमीच्या स्टँडर्ड गेजची, आणि दातेरी रूळ कुठेच नाही. नदी तीनदा ओलांडते पण पूल एकही नाही, नदीच बोगद्यातून रुळाखालून काढून दिलीय. उतरताना वेग ताशी 30 किलोमीटरच्या आतच.

बाजूबद्दल: मार्ग बोगद्यात पूर्ण उलटा फिरतो, त्यामुळे दृश्य कधी इकडे, कधी तिकडे. लक्षात घ्यायची गोष्ट वेगळीच आहे. मिरदालला गाडी वळवत नाहीत, इंजिन दोन्ही टोकांना असतं. तीच सीट धरून बसलात तर परततानाही दरीची तीच बाजू दिसणार. म्हणून येताना डब्यातली बाजू बदला. फोटोसाठी उघडणारी खिडकी मिळाली तर उत्तम. नाहीतर लेन्स काचेला टेकवा, प्रतिबिंब येत नाही.

ख्योसफोसेन धबधब्यापाशी गाडी जेमतेम पाच मिनिटं थांबते. फलाट तुषारांनी ओला, निसरडा असतो आणि सगळे एकदम दाराकडे धावतात. बाबांना डब्यातच बसू द्या, खिडकीतूनही बऱ्यापैकी दिसतो.

मुक्कामपोस्ट
धन्यवाद! पाऊस असला तर? आणि जहाजाकडूनच बुक करायचं की स्वतः?

घाटमाथा
नुसता पाऊस असेल तर रेल्वे उलट चांगली, धबधबे फुगतात. ढग खाली आले असतील तर स्टेगास्टाइनवर पांढऱ्या भिंतीपलीकडे काही दिसत नाही. धक्क्यावरून वर बघा: समोरच्या डोंगराचा वरचा अर्धा भाग ढगात असेल तर सज्जाही ढगात असण्याची शक्यता जास्त. म्हणून रेल्वे आधी बुक करा, बसचा निर्णय जमल्यास हवा बघून. जहाजाकडून आधीच पैसे भरलेत तर ही मोकळीक राहत नाही.

धक्कादायक
रेल्वे स्वतः बुक केली तर बरीच स्वस्त पडते, पण मोठं जहाज असलेल्या दिवशी मधल्या वेळेच्या गाड्या लवकर भरतात. तारीख पक्की झाली की लगेच घ्या, सकाळची पहिली किंवा दुसरी. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं; स्वतःच्या तिकिटावर गेलात तर थांबत नाही. सकाळच्या गाडीने गेलात तर हाताशी चार-पाच तास उरतात, म्हणून इथे तो धोका फारसा नाही.

दोन गोष्टी विचारून घ्या. एक, जहाजाचं घड्याळ. ब्रिटनहून निघालेली काही जहाजं ब्रिटिश वेळच पाळतात, नॉर्वे तासभर पुढे. फोन आपोआप बदलतो आणि घोटाळा होतो. तिकिटावरची वेळ नॉर्वेचीच असते. दोन, जहाज धक्क्याला लागणार की खाडीत नांगरणार. त्या दिवशी दुसरं जहाज असेल तर छोट्या होडीने यावं लागू शकतं, त्यात अर्धा-पाऊण तास सहज जातो, आणि होडीत पाय टाकताना बाबांना हात द्यावा लागेल.

रूळकरी
कपड्यांचं राहिलं. मिरदाल फ्लोमपेक्षा पाच-सहा अंशांनी थंड, जूनमध्ये बर्फाचे ढीगही दिसतात. छत्री नको, धबधब्याच्या वाऱ्यात उलटते. टोपीवालं रेनकोट जॅकेट आणि आत एक स्वेटर.