रेस्क्यूमधून आणलेल्या पिल्लाची नसबंदी: पहिल्या हीटच्या (माजावर येण्याच्या) आधी का नंतर?

भिंगरी:
आमच्याकडे नुकतीच एक रेस्क्यूमधली कुत्र्याची पिल्ली आलीये, चिंगी. वय नक्की कोणालाच माहीत नाही, व्हेटने दात बघून पाचेक महिने सांगितलं. दत्तक देतानाच नसबंदी करायची म्हणून सही घेतली होती आणि आम्हाला ते मान्यच आहे, त्यामुळे करू का नको हा प्रश्न नाहीये, कधी करू हा आहे. एक डॉक्टर म्हणतात सहा महिन्यांची झाली की उरकून टाका, दुसऱ्या म्हणतात एक हीट जाऊ दे, हाडं नीट भरतात. त्यात सासूबाईंचं वेगळंच, "एकदा तरी पिल्लं होऊ दे गं तिला". आणि ऑपरेशननंतर स्वभाव बदलतो का? आत्ता जाम मस्तीखोर आहे, तशीच राहावी असं वाटतं.

उनाडपप्पू:
दोन्ही डॉक्टर बरोबर असू शकतात, कारण सगळं कुत्री केवढी होणार यावर आहे. हाडांची वाढ थांबवायचा सिग्नल नसबंदीने बंद होणाऱ्या हार्मोन्सकडूनच जातो, ते लवकर बंद झाले तर हाडं थोडी जास्त लांब होतात आणि मोठ्या जातींमध्ये पुढे गुडघ्याच्या लिगामेंटचा, सांध्यांचा त्रास वाढल्याचं दिसलंय. म्हणून मोठ्या कुत्र्यांना थांबायला सांगतात. मोठी होऊन वीसेक किलोच्या आत राहणारी असेल तर सहाव्या महिन्याच्या आसपास करायला काही हरकत नाही. आईबाप माहीत नसले तरी चार-साडेचार महिन्यांच्या वजनाची दुप्पट हा ढोबळ अंदाज धरा, तेव्हाचं वजन फाईलवर असेलच.
सासूबाईंना सांगा, एकदा पिल्लं झाल्याने तब्येतीला काहीही फायदा होत नाही. शिवाय त्या पिल्लांना घरं कोण शोधणार?

मांजरप्रेमी_तरीही:
मी आधीच करा या मताची. हीट म्हणजे दोन-तीन आठवडे रक्ताचे डाग, गेटबाहेर नरांची रांग, आणि तेवढ्यात ती एकदा निसटली की दोन महिन्यांनी घरात बाळंतपण! वर हीट आली की लगेच ऑपरेशन पण करत नाहीत बरेच डॉक्टर, तेव्हा रक्तपुरवठा वाढलेला असतो, दोन-तीन महिने थांबा म्हणतात. पहिली हीट साधारण सहा ते बारा महिन्यांत कधीही येते, त्यामुळे "बघू नंतर" म्हणता म्हणता वेळ निघून जाते. स्तनाच्या गाठींचा धोकाही पहिल्या हीटआधी केलं तर सगळ्यात कमी.

उनाडपप्पू:
@मांजरप्रेमी, गाठींचे ते प्रसिद्ध आकडे (हीटआधी अर्धा टक्का, एका हीटनंतर ८, दोननंतर २६) १९६९ च्या एका अभ्यासातले आहेत आणि ते नसबंदी न केलेल्या कुत्र्यांच्या तुलनेतले आहेत. म्हणजे शंभरातल्या २६ जणींना गाठ होते असं नाही. २०१२ मध्ये सगळे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा पुरावा कच्चा निघाला. त्यामुळे एक हीट गेली म्हणून कोणी घाबरू नका. खरी भीती पायोमेट्राची, म्हणजे गर्भपिशवीत पू होणं. हीटनंतर काही आठवड्यांनी होतो, पाणी फार पिते, खात नाही, आणि तेव्हा आजारी कुत्रीवर घाईघाईत ऑपरेशन करावं लागतं. तो टाळायचा म्हणून तरी नसबंदी कराच. उलट बाजू पण सांगतो, काही माद्यांना नंतर झोपेत लघवी गळायचा त्रास होतो, मोठ्या अंगाच्यांना जास्त. गोळ्यांनी बहुतेक वेळा आटोक्यात येतो.

ढोल्या:
मधेच घुसतोय, आमचा बोका नाही बोक्या आहे, म्हणजे कुत्राच. सात महिन्यांचा आणि एकच गोळी (वृषण) खाली उतरलीये. वाट बघू का?

शेपटीवाली_काकू:
ढोल्या, सहा महिन्यांपर्यंत उतरली नाही तर आता उतरायची आशा कमीच. आत राहिलेल्या गोळीत गाठ व्हायची शक्यता जास्त असते, म्हणून दोन्ही काढायच्या. सोनोग्राफी करून घे. आणि ऑपरेशननंतर महिना-दीड महिना माद्यांपासून लांब ठेव, आधीचे शुक्राणू शिल्लक असतात.

भिंगरी, स्वभावाचं म्हणशील तर मस्ती जात नाही. नरांचं भटकणं, जिथे तिथे मुतणं कमी होतं, पण भित्र्या कुत्र्याची भीती ऑपरेशनने जात नाही, कधीकधी वाढते. चिंगी बुजरी असेल तर आधी घरात रुळू दे. आणि ऑपरेशनआधी रक्त तपासून घेच, रेस्क्यूच्या पिल्लांना कधीकधी गोचीड ताप झालेला असतो, वरून ठणठणीत दिसतात आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स कमी. उपाशी किती तास ठेवायचं ते तुझ्याच डॉक्टरला विचार, लहान पिल्लाची साखर पटकन उतरते, रात्रभर उपाशी ठेवू नकोस. नंतर खाणं थोडं कमी कर, भूक वाढते पण शरीराला खाणं लागतं कमी, मग फुगतात.

भिंगरी:
थँक्यू सगळ्यांना! फाईल बघितली, हिशोबाने सतरा-अठरा किलोच्या पुढे जाणार नाही. तर रक्त तपासून सहा महिन्यांनंतर लगेचच करतोय. सासूबाईंनी पिल्लांना घरं शोधायचं ऐकल्यावर विषय सोडला 😄 टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालतात त्या कोनऐवजी जुना टीशर्ट घातला तर चालेल का?

शेपटीवाली_काकू:
समोर बसलेली असशील तर चालेल. रात्री आणि घरात कोणी नसताना कोनच, टाके पडेपर्यंत म्हणजे दहा-चौदा दिवस. टीशर्ट वर सरकवून टाके चाटायला त्यांना मिनिट पण लागत नाही. आंघोळ नाही, जिन्यावर पळापळ नाही.