महाराष्ट्राबाहेरून पुण्यात शिकायला आलेल्यांनो, पहिले सहा महिने कसे गेले?

माझी भाची यंदा बडोद्याहून पुण्याला एम.एस्सी.ला येतेय, विद्यापीठातच. तिची आई दिवसातनं तीनदा फोन करून एकच विचारते, रमेल ना गं ती? मी स्वतः २००८ला बडोद्याहूनच आले. तेव्हा नुसतं पुणे विद्यापीठ होतं, सावित्रीबाईंचं नाव २०१४ला लागलं. रिक्षावाल्याने मेन गेटला सोडलं आणि मी दोन बॅगा ओढत डिपार्टमेंट शोधत निघाले, चारशे एकरांच्या वरचा कॅम्पस, वडाची झाडंच झाडं, आणि कुणाला विचारायचं तर मराठीत विचारू की हिंदीत हेच ठरेना. घरी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलतो, पण पहिल्याच रात्री रूममेटला "बारी लाव ना, थंडी येतेय" म्हटलं तर ती नुसती बघत राहिली. बारी म्हणजे खिडकी हे गुजराती आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं!

मायग्रेशन, एलिजिबिलिटी वगैरे कागदपत्रांचं सांगणारे खूप आहेत. मला बाकीचं हवंय. जेवण, भाषा, रविवार, पहिली ओळख कशी झाली. मोकळेपणाने लिहा.

इंदूर

रविवार म्हणालात म्हणून लिहितो. रविवारी दुपारी मेसला फीस्ट असते आणि रात्री मेस बंद, हे पुण्यात सगळ्यांना इतकं पाठ आहे की नवीन माणसाला सांगायचं कुणाच्या लक्षातच येत नाही. मी आठ वाजता गेलो तर शटर खाली. नवीन शहर, बाजूच्या हॉटेलात सगळे आपापल्या घोळक्यात बसलेले, मी केळी घेतली आणि रूमवर आलो. त्या रात्री घरी फोन केला नाही, कारण आवाजावरनं आईला कळलं असतं.

भाषेचं त्याहून अवघड गेलं. आम्ही इंदूरचे मराठी, घरात सगळं मराठीत. पण "मी येऊन राहिलो आहे" म्हटलं की वर्गात हसायचे. वाईट कुणी नव्हतं, पण मला ते लागलं आणि मी दोन महिने सरळ हिंदीतच बोललो. मग जयकर लायब्ररीच्या बाहेर एका मुलाला फोनवर बोलताना ऐकलं, "अबे येऊन राहिलो ना!" मी थांबलोच. तो यवतमाळचा निघाला. म्हणाला आमच्याकडे असंच बोलतात, आणि पुण्यात मलाही हसतात. म्हणजे महाराष्ट्रातला असूनही त्याचं तेच झालेलं. त्या दिवसापासनं आम्ही दोघं एकत्र जेवायला जायला लागलो. त्याला पोह्यावर शेव आणि जिरावन टाकून खायला मी शिकवलं, घरून आणलेली जिरावनाची पुडी आम्ही स्टीलच्या डबीत भरून मेसमध्येच ठेवायचो, पुढेपुढे शेजारच्या टेबलावरचे मागून न्यायला लागले. भाचीला सांगा घरचं काहीतरी वाटून खाता येईल असं आणायचं. लाडू चार दिवसांत संपतात, मसाला महिनाभर पुरतो.

पाटणा

मला हॉस्टेल मिळालं नव्हतं. कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरतं भाडं देऊन, खोली बघायला गेलो की आधी गाव विचारायचे, मग "रूम गेली" सांगायचे. असं सात ठिकाणी झालं. शेवटी एका सीनियरने स्वतःच्या हॉस्टेलच्या खोलीत पॅरासाइट म्हणून, म्हणजे नावावर खोली नसताना, ठेवून घेतलं, तीन महिने, एक रुपया न घेता. मी त्याचं आयुष्यभर मानतो.

बेळगाव

मला वेगळंच सांगायचंय. मी एम.ए. मराठीला होते. पहिल्या आठवड्यात निदान पाच जणांनी विचारलं असेल, "बेळगावची? मग मराठी इतकं चांगलं कसं?" १९५६ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, आमच्या घरात तो विषय जेवताना निघतो, आजोबा अजून त्यावर बोलताना ताट बाजूला सारतात. आणि इथे मी आपल्या माणसांत आले म्हणून आले तर फॉर्मवर राज्य कर्नाटक आणि बोलण्यातला हेल कानडी. मला खूप एकटं वाटायचं, कारण मी ह्या गोष्टीची तयारीच केली नव्हती.

माझी पुण्यातली पहिली मैत्रीण कोण झाली माहितेय? धारवाडची, कन्नड बोलणारी. हॉस्टेलच्या जिन्यात ती फोनवर रडत होती, मी नकळत विचारलं, "ऊटा आतेन?", म्हणजे जेवण झालं का. तिने फोन कानापासून काढून माझ्याकडे असं बघितलं की ते मी कधी विसरणार नाही. घरी ज्या भाषेवर इतकी भांडणं ऐकली तीच मी पुण्यात येऊन मायेने बोलायला लागले, आणि तिला मराठी शिकवलं. हे आजोबांना सांगायला मला दोन वर्षं लागली. ते काही बोलले नाहीत. पुढच्या खेपेला कुंद्याचे दोन बॉक्स दिले, एक तिच्यासाठी.

गुवाहाटी

मी असमिया आहे, मराठी इथेच शिकलो, सात वर्षं झाली. चूक असेल तर सांगा. माझं पहिलं वाक्य "सुट्टे नाहीत", बसमध्ये शिकलो. पहिल्या वर्षी लोक मला कुठल्या देशाचा विचारायचे, रोज. त्याचा त्रास झाला, खोटं नाही बोलणार.

मग लॅबमधला एक मित्र जुलैमध्ये नदीपात्रात ढोल पथकाच्या सरावाला घेऊन गेला. आमच्याकडे बिहूला ढोल वाजवतात, एका हातात काठी आणि दुसऱ्या बाजूला हाताची थाप. पुण्याचा ढोल खूप मोठा, कमरेला बांधतात, वजनाने पाठ दुखते, पण त्यातही एका हातात टिपरू आणि दुसऱ्या हाताची थाप! ठेका वेगळा आहे, तो यायला तीन आठवडे लागले. बोटांना फोड आले, एका ताईने रोज पट्टी बांधून दिली. तिथे मला कुणी देश विचारला नाही, "रांगेत ये" एवढंच म्हणायचे.

पुणे

मी इथलीच, पण आईची मेस होती म्हणून लिहिते. आईकडे खाड्यांची वही असायची, कोण कधी जेवायला आलं नाही त्याची. पैसे कापायला ठेवलेली, पण आई ती रात्री वेगळ्या कारणासाठी बघायची. जून-जुलैत नवीन पोरांपैकी कुणाचे लागोपाठ तीन खाडे पडले की ती दादाला डबा देऊन रूमवर पाठवायची. बहुतेक वेळा पोरगं तापाने पडलेलं नसायचं, नुसतं पडलेलं असायचं.

तुमच्या भाचीला मेस लावताना बघायला सांगा, काकू नाव विचारतात की फक्त डिपॉझिट. आणि खाडा करायचा असेल तर आदल्या रात्री सांगायचं, सकाळी सांगून चालत नाही, कणीक भिजलेली असते.