‘स्मॉल मॅमल हाउस’साठी मराठी शब्द

प्रश्न : वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातील ‘स्मॉल मॅमल हाउस’ या इमारतीच्या इतिहासावर मी टिपण लिहीत आहे. ‘लहान सस्तन प्राण्यांचे घर’ असे लिहिले, तर तेथे पिल्ले सांभाळतात की काय, अशी शंका येते. ‘कक्ष’ म्हटले, तर ती स्वतंत्र इमारत आहे हे कळत नाही. जाणकारांनी पर्याय सुचवावा.

उत्तर १ : आपली शंका रास्त आहे. मराठीत ‘लहान’ हे विशेषण वयालाही लागते आणि आकारालाही. केवळ आकार सांगायचा असेल, तेथे ‘लघुकाय’ बरे. मात्र या नावातील ‘स्मॉल’ला इतिहास आहे. महामंदीच्या काळात अमेरिकी सरकारने सार्वजनिक बांधकामांसाठी दिलेल्या निधीतून ही इमारत उभी राहून १९३७ साली खुली झाली, तेव्हा तिच्या नावात लहान सस्तन प्राण्यांच्या जोडीने महाकपींचाही (‘ग्रेट एप’, म्हणजे गोरिला, चिंपांझी यांसारखे बिनशेपटीचे मोठे कपी) उल्लेख होता. पुढे १९८१ मध्ये महाकपींना वेगळी इमारत मिळाली आणि नावाचा अर्धाच भाग मागे उरला. (‘ग्रेट एप’ला ‘महावानर’ म्हणू नये, कोकणात वानर म्हणजे शेपटीवाला.) आज तेथे सोनेरी सिंह-तामरिन हे जेमतेम अर्धा-पाऊण किलोचे माकड आढळते. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘लघुकाय सस्तन प्राण्यांचे गृह’ आणि पुढे नुसते ‘सस्तनगृह’ लिहावे, असे मला वाटते.

उत्तर २ : ‘लघुकाय’ मान्य, ‘गृह’ मात्र खटकते, कारण कारागृह आणि सुधारगृह यांची आठवण आधी होते. पिंजऱ्यांच्या बाबतीत ती फारशी चुकीची नाही, ही गोष्ट वेगळी! राणीच्या बागेतील हम्बोल्ट पेंग्विन २०१७ पासून स्वतंत्र वास्तूत लोकांना पाहायला मिळतात आणि तिला मुंबईकर बिनदिक्कत ‘पेंग्विन कक्ष’ म्हणतात. तारापोरवाला मत्स्यालयाच्या धर्तीवर ‘सस्तनालय’ करता येईल, पण ते कोणी बोलणार नाही.

उत्तर १ : रूढीचा मुद्दा मान्य आहे. तरीही इमारतीचा इतिहास लिहिताना तिच्या आतल्या दालनांचा उल्लेख येणारच, आणि ‘कक्ष’ हा शब्द त्यांच्यासाठी राखून ठेवलेला बरा. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९६७ साली सुरू झालेल्या क्लोर पॅव्हेलियनच्या तळघरात, निशाचर प्राणी दिवसा जागे दिसावेत म्हणून रात्र आणि दिवस प्रकाशयोजनेने उलटे केले होते. तेथे इमारतीला ‘गृह’ आणि तळघराला ‘निशाचर कक्ष’ म्हटले, तर गोंधळ होत नाही.