‘८० त्रिज्येच्या कंसाने जोडा’ या सूचनेचा नेमका अर्थ काय घ्यावा?

प्रश्न : ऑटोकॅड या संगणकावर आराखडे काढण्याच्या प्रोग्रामच्या सरावात ३० आणि २० मिमी त्रिज्यांची दोन वर्तुळे असून त्यांच्या केंद्रांतील अंतर ९० मिमी आहे. ती ‘८० त्रिज्येच्या स्पर्शिक कंसाने (म्हणजे वर्तुळांना न छेदता फक्त स्पर्श करणाऱ्या कंसाने) जोडा’ एवढेच लिहिले आहे. माझा कंस फुगीर आला, मैत्रिणीचा आत वळलेला. चूक कोणाची?

उत्तर : भूमितीच्या दृष्टीने दोघींचेही बरोबर आहे. कंस वर्तुळांना बाहेरून स्पर्श करत असेल, तर त्याचे केंद्र दोन्ही केंद्रांपासून अनुक्रमे ११० आणि १०० मिमीवर येते आणि आकृतीला कंबर पडते. वर्तुळांना पोटात घेत असेल, तर हीच अंतरे ५० आणि ६० मिमी होतात. एकाला बाहेरून आणि दुसऱ्याला आतून स्पर्श करणारेही पर्याय आहेत, त्यामुळे मध्यरेषेच्या दोन्ही बाजू धरून एकूण ८ वर्तुळे शक्य आहेत. सूचना खरोखरच अपुरी आहे.

दुसरे उत्तर : ऑटोकॅडच्या स्पर्श-स्पर्श-त्रिज्या पर्यायात (दोन स्पर्श आणि त्रिज्या देऊन वर्तुळ काढण्याच्या) तुम्ही वर्तुळावर जिथे क्लिक करता, त्याच्या जवळचा स्पर्शबिंदू असलेले वर्तुळ निवडले जाते, म्हणून फरक पडला असावा. सोबतच्या आकृतीत त्रिज्येचा बाण कोणत्या बाजूने येतो ते आधी पाहा; तो सहसा कंसाच्या केंद्राच्या बाजूने काढतात. माझ्या मते शब्दांपेक्षा तोच पुरावा अधिक भरवशाचा आहे.

प्रश्नकर्ती : बाण आकृतीच्या बाहेरून, म्हणजे वर्तुळांपासून दूरच्या बाजूने येतो. कंस आत वळलेलाच हवा होता. केंद्र ११० आणि १०० मिमीवर धरून पुन्हा काढते.