विल्यम क्लाइन: फॅशन छायाचित्रकार ते स्वतंत्र चित्रपटकार

प्रश्न: ‘व्होग’ या फॅशन मासिकासाठी सुमारे दहा वर्षे छायाचित्रे काढणारे क्लाइन ते स्थिर काम सोडून चित्रपटांकडे का वळले असावेत? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १: ‘सोडून’ हे तितकेसे खरे नाही. न्यूयॉर्कमधील ब्रॉडवे रस्त्यावरच्या दिव्यांनी झळकणाऱ्या जाहिरातींवर त्यांनी केलेला लघुपट १९५८ मधला आहे, म्हणजे मासिकाचे काम चालू असतानाच त्यांनी चित्रपटाचा कॅमेरा हाती घेतला होता.

प्रतिसाद २: शिवाय १९६६ च्या पॉली मागू या काल्पनिक मॉडेलवरील चित्रपटात त्यांनी मॉडेलांना चक्क ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे पोशाख घालून पॅरिसच्या फॅशनविश्वाची यथेच्छ खिल्ली उडवली, ज्या व्यवसायाने पोसले, त्याचीच!

प्रतिसाद ३: मला मात्र सातत्य अधिक जाणवते. रोमच्या रहदारीत मॉडेलांना उभे करून दुरून लांब पल्ल्याच्या भिंगाने टिपणारी त्यांची नजरच पुढे मुहम्मद अलींवरील माहितीपटात अलींभोवतीच्या गर्दीतले चेहरे शोधते.